घणसोलीत वन आरके, स्वयंपाक शून्यापासून सुरू करायचाय, पहिल्यांदा काय घेऊ?

लातूरचा_पोरगा
नमस्कार. मी मूळ लातूरचा, आठ महिने झाले ऐरोलीत जॉबला आहे आणि घणसोलीत एका मित्रासोबत वन आरकेत राहतो. आत्तापर्यंत दोघांनी डबा लावला होता. रोज तीच बटाट्याची भाजी वर तेलाचा तवंग आणि पोळी दुपारपर्यंत पुठ्ठ्यासारखी, गेल्या महिन्यात पोटाच्या त्रासानं दोनदा डॉक्टरकडं जाऊन आलो तेव्हा दोघांनी ठरवलं की आता बास, घरीच करायचं.

येतं काय तर चहा, अंडी, मॅगी. खिचडी आईला व्हिडिओ कॉलवर विचारून एकदा केली होती. घरात आत्ता एक पातेलं, एक फ्रायपॅन, दोन ताटं आणि गावाकडून आणलेली दोन बर्नरची शेगडी आहे. बिल्डिंगला पाइपचा गॅस आहे, पण शेगडी जोडल्यापासून आच इतकी बारीक येते की दोन कप चहाला पंधरा मिनिटं जातात.

भांड्यांसाठी साडेपाच-सहा हजार आणि किराण्यासाठी अडीच हजार काढून ठेवलेत. एका दुकानदारानं पूर्ण किचन सेट म्हणून चाळीसेक नगांचा खोका दाखवला, त्यातलं निम्मं कशाला लागतं तेच कळंना. कुकर किती लिटरचा घ्यावा? तवा नॉनस्टिक की लोखंडी? मिक्सर लागतोच का? आणि मला रोज भाकरी लागते, ज्वारीची, ती इथं जमेल का?

नौपाड्याची_काकू
बाळा सेट अजिबात घेऊ नकोस. त्या खोक्यात सहा वाट्या, सहा फुलपात्रं आणि डावाचे पाच प्रकार असतात आणि नेमकी सांडशी नसते. भांडी सुटी घ्यायची. स्टीलचं भांडं वजनावर देतात अशा दुकानात जा, हातात घेऊन बघ, बुड जाड आहे का बघ. पातळ बुडाच्या पातेल्यात नवशिक्याचं दूध लागतं, वरण लागतं, आणि मग वाटतं आपल्याला जमतच नाही, खरं तर चूक भांड्याची असते.

दुकानात जायच्या आधी एक काम कर. कागद घे आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही दोघं काय खाणार ते लिही. सोमवारी वरणभात, मंगळवारी पिठलं भाकरी, बुधवारी मुगाची खिचडी असं. मग प्रत्येकापुढे त्याला काय भांडं लागतं ते लिही. जे दोनदा आलं ते घ्यायचं, जे एकदाही आलं नाही ते दुकानातच राहू दे. माझा मुलगा पुण्याला गेला तेव्हा मी हेच केलं होतं आणि त्याचं सगळं सामान एका पिशवीत मावलं.

कुकर ५ लिटरचा घे. दोघांना ३ लिटरचा पुरतो असं दुकानदार सांगेल आणि नुसती खिचडी करायची तर पुरतोही, पण आपल्याकडे कुकर लावतात म्हणजे एका डब्यात भात एका डब्यात डाळ, वर जागा असली तर ताटलीत दोन बटाटे. ते डबे ५ लिटरमध्ये आरामात बसतात. डबे त्याच दुकानात आत ठेवून झाकण लावून बघूनच घे. आयएसआय मार्क बघ, आणि एक जादा रिंग त्याच वेळी घेऊन ठेव, रिंग नेहमी रात्री नऊला फाटते.

आता वापरायचं कसं. तळाला दोन वाट्या पाणी, त्याशिवाय गॅस पेटवायचा नाही. तळ कोरडा राहिला तर सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो आणि बुड जळतं. दर वेळी झाकण उजेडाकडे धरून शिट्टीच्या नळीतून आरपार दिसतंय का बघ, डाळीचा कण अडकलेला असतो. कुकरमध्ये डबे न ठेवता थेट काही शिजवलंस तर दोन तृतीयांशाच्या वर भरू नकोस, आणि डाळ किंवा खिचडी असेल तर अर्ध्यावरच थांब, त्याला फेस येतो. शिट्टी आपणहून खाली बसल्याशिवाय झाकण ओढायचं नाही, कितीही भूक लागली तरी. आत वाफ कोंडली की पाणी १०० च्या ऐवजी साधारण १२० अंशाला उकळतं, म्हणून तर तूरडाळ वीस मिनिटांत मऊ होते आणि म्हणूनच ती वाफ अंगावर आली तर भाजतंही तसंच.

बाकी भांड्यांचं पटकन सांगते. झाकणासकट दोन जाड बुडाची पातेली, एक लहान एक मध्यम. एक कढई. तवा. पोळपाट लाटणं लाकडी, संगमरवरी पोळपाट सरकतो. परात अशी घे की दोन्ही हात आत मावले पाहिजेत, लहान परातीत कणीक ओट्यावर सांडते. चिमटा, सांडशी, उलथनं, एक डाव, एक झारा, किसणी, गाळणी, पिठाची चाळणी. एक चांगली सुरी आणि एक दातेरी, टोमॅटोला. सुरी बोथट झाली की चिनीमातीच्या कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर घासून घे. फोडणीचं कढलं. आणि मिसळणाचा डबा, हा मात्र चांगला घे, घट्ट झाकणाचा, कारण तुझा अर्धा स्वयंपाक त्यातूनच होणार आहे.

त्या डब्यात मोहरी, जिरं, हळद, तिखट, धनेजिरे पूड, गोडा मसाला आणि मधल्या वाटीत मेथीदाणे. हिंग त्यात ठेवू नकोस, सगळ्याला वास लागतो, हिंगाची डबी वेगळी.

फोडणी एकदा नीट शीक म्हणजे वरण, भाजी, कढी, पोहे सगळं आलं. कढल्यात दोन चमचे तेल, मध्यम आचेवर. एकच मोहरी टाक. तळाशी गप्प पडून राहिली तर तेल गार आहे. बुडबुडे येऊन वर आली आणि फुटली की बाकीची टाक आणि झाकणी अर्धी धर, नाहीतर हातावर उडते. तडतड आवाज आधी जोरात येतो मग कमी कमी होत जातो, तो कमी व्हायला लागला की जिरं. जिरं फुललं की गॅस बारीक. मग हिंग, मग हळद, आणि तिखट सगळ्यात शेवटी आणि लगेच भाजी किंवा वरण त्यात, कारण तिखट दोन सेकंदात काळं पडतं. तेलातून धूर यायला लागला असेल तर ते तेल गार होऊ दे आणि पुन्हा सुरू कर, घाई नको. मला लग्नानंतर ही एक गोष्ट सासूबाईंनी शेजारी उभं राहून चार दिवस दाखवली होती, मी अजून कानानेच फोडणी करते.

खारघर_सेक्टर१२
काकूंनी भारी सांगितलंय. मी तीन वर्षं एकटा राहतोय, फक्त अनुभव सांगतो. सुरुवातीला सँडविच मेकर, एग बॉयलर आणि हँड ब्लेंडर घेतले होते, तिन्ही माळ्यावर आहेत. मिक्सर मी सात महिन्यांनी घेतला आणि तोपर्यंत काही अडलं नाही. लसूण मिरची छोट्या दगडी खलबत्त्यात, आलं किसणीवर, शेंगदाण्याचं कूटही खलबत्त्यात होतं, जरा जाडसर होतं पण चवीला बरंच लागतं. इडली डोसा करावासा वाटेल तेव्हा मिक्सर घे, दोघांना ५०० वॅटचा पुरतो.

पैसे उरले तर इंडक्शन घे, गॅसचा काही लोचा झाला तर जेवण अडत नाही. पण त्याच्यावर ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही. भांड्याच्या बुडाला फ्रिजवरचं मॅग्नेट चिकटलं तर ते भांडं चालतं, नाही चिकटलं तर नाही.

तवा मात्र मी नॉनस्टिक सांगेन. नवीन माणसाची पोळी, धिरडं, ऑम्लेट काही चिकटत नाही, तेल कमी लागतं, हुरूप टिकतो.

कळव्याची_सोलापूरकर
नॉनस्टिकवर भाकरी?? दादा त्याने स्पष्ट लिहिलंय की त्याला रोज ज्वारीची भाकरी लागते. भाकरीला तवा कोरडा आणि कडकडीत तापवावा लागतो, आणि नॉनस्टिकचा थर साधारण २६० अंशाच्या पुढे खराब व्हायला लागतो, त्यातून निघणारा धूर नाकात जाणं चांगलं नाही. रिकामा तवा मोठ्या आचेवर पाच मिनिटं विसरला तर तिथपर्यंत सहज जातो. ऑम्लेटला त्याच्याकडे फ्रायपॅन आहेच, तवा लोखंडीच पाहिजे. बिडाचा घेतला तरी चालेल पण तो जड असतो आणि पडला तर फुटतो, रोजच्या भाकरीला मला साधा लोखंडी बरा वाटतो.

नवीन तव्याला गंजू नये म्हणून तेलकट थर दिलेला असतो, तो खायचा नसतो. गरम पाणी आणि साबणाने घासून काढ, गॅसवर ठेवून पूर्ण वाळव, मग अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून सगळीकडे फिरव, धूर येईपर्यंत तापव, गार होऊ दे. असं तीन चार वेळा. पहिला कांदा काळाकुट्ट होतो, तो टाकून दे. नंतर कधी ओला ठेवायचा नाही, धुतला की गॅसवर कोरडा करून तेलाचं बोट. इथल्या पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस होतो, झाला तरी जाड मीठ घेऊन घास, जातो गंज. आणि लोखंडी कढईत चिंचेची आमटी किंवा टोमॅटोचं सार करू नकोस, काळं पडतं आणि धातूची चव लागते, आंबट सगळं स्टीलमध्ये.

आता भाकरी. तयार पिठाची पिशवी आणलीस तर भाकरी तुटणार आणि तू म्हणणार मला जमत नाही. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. दोन किलो ज्वारी घे, गिरणीत दळून आण, पंधरा दिवसात संपव. दळताना गिरणीवाल्याला विचार की आधी काय दळलंय, गव्हाच्या मागे दळलं की पहिलं थोडं पीठ मिसळलेलं येतं. विरी कमी वाटली तर कढत पाणी घालून मळ. एका भाकरीचं एका वेळी मळायचं आणि तळहाताच्या टाचेने रगडून रगडून मऊ करायचं, ते मळणंच खरं, थापणं त्यापुढे सोपं आहे. तव्यावर टाकली की वरून पाणी फिरव, पाणी सुकायच्या आत उलट, पूर्ण सुकू दिलंस तर भेगा पडतात. दुसरी बाजू नीट भाजली की मग आचेवर.

नेरूळ_शेगडीवाला
माझं शेगडी रिपेअरिंगचं काम आहे. आच बारीक का येते ते सांगतो, हे महत्त्वाचं आहे. गावाकडची शेगडी सिलेंडरची म्हणजे एलपीजीची असणार. पाइपचा गॅस म्हणजे पीएनजी कमी दाबाने येतो आणि तेवढ्याच गॅसमध्ये उष्णता पण कमी असते, म्हणून पीएनजीच्या जेटचं, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीचं, भोक मोठं लागतं. तुझ्या शेगडीत एलपीजीचं बारीक भोकाचं जेट आहे. आपल्याकडे लाइन महानगर गॅसची आहे, कस्टमर केअरला फोन करून कन्व्हर्जन करून घे, माणूस येतो जेट बदलून देतो. स्वतः पिन घालून भोक मोठं करू नकोस, लोक करतात, आच पिवळी होते, भांडी काळी पडतात आणि काजळीचा धूर घरात राहतो. निळी आच म्हणजे बरोबर.

पुढे रूम बदललीस आणि तिथं सिलेंडर असेल तर जेट परत एलपीजीचं करून घ्यायचं. पीएनजीच्या मोठ्या जेटवर एलपीजी लावलास तर भडका उडतो, ते जास्त धोक्याचं.

आणि एक, पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वर जातो. सिलेंडरचा जड, तो खाली जमिनीलगत साचतो. तुझ्याकडे वरची खिडकी किंवा व्हेंटिलेटर उघडा पाहिजे, वन आरकेत लोक तिथंच पुठ्ठा लावतात. वास आला तर लाइटचं बटण लावायचं पण नाही आणि बंद पण करायचं नाही, आधी कॉक बंद, खिडकी उघड, बाहेर जाऊन फोन.

नौपाड्याची_काकू
शेगडीवाले दादा तुमचे आभार, हे मला सुचलंच नसतं, आम्ही कुकर आणि तव्यावर बोलत बसलो आणि आचच नव्हती.

किराण्याचं राहिलं होतं. दोघांना, रात्रीचं जेवण आणि सकाळचा डबा धरून, पहिल्या महिन्याला तांदूळ ४ किलो, कणीक ३ किलो, ज्वारी वरच्या ताईंनी सांगितली तशी, तूरडाळ १ किलो, मूगडाळ अर्धा, बेसन अर्धा, मटकी किंवा मूग अर्धा, जाडे पोहे अर्धा, रवा अर्धा, शेंगदाणे अर्धा, तेल २ लिटर, साखर १, गूळ पाव किलो, मीठ १ पुडा, चहा पाव, आमसुलं ५० ग्रॅम. मोहरी जिरं हळद प्रत्येकी १०० ग्रॅम, हिंगाची लहान डबी. कांदे बटाटे लसूण आठवड्याला लागतील तेवढेच. याच्यापेक्षा जास्त भरू नकोस, महिनाअखेरीला काय उरलं ते बघून पुढची यादी तुझी तूच करशील.

तांदूळ रोजच्याला कोलम घे, वाड्याचा मिळाला तर छानच, मोकळा होतो आणि पोटाला हलका. इंद्रायणी चवीला गोड पण चिकट होतो, तो मऊ भात आवडत असेल तरच. जुन्या कोलमला वाटीला दोन वाट्या पाणी, नवा असेल तर थोडं कमी. तूरडाळ अर्धा तास भिजव, हळद हिंग आणि तेलाचा थेंब घालून लाव.

खरेदीला घणसोलीहून लोकल धर, रबाळे ऐरोली दिघा गाव करत ठाण्यात ये आणि स्टेशनवरून चालत जांभळी नाक्याला जा, किराणा आणि मसाले सुटे, हाताने बघून घेता येतात. डीमार्टला तेल साखर स्वस्त पडेल पण १०० ग्रॅम मोहरी हातात घेऊन वास घेता येत नाही.

पावसाळा येतोय म्हणून सांगते, खाडीकाठची हवा आहे, सगळं सादळतं. रवा आणल्या दिवशीच कोरडा भाजून गार करून भर, नाहीतर जाळ्या होतात. तांदळाला टोके झाले तर ऊन दाखव, औषधाच्या गोळ्या खाण्यात येतील अशा टाकू नकोस. दाणे भाजून कूट लहान बरणीत फ्रिजमध्ये. मिठाच्या बरणीत चार तांदळाचे दाणे.

घणसोली_गावातली
इथलीच आहे म्हणून एवढंच सांगते, गावात गिरणी आहे, ज्वारी दळून देतात, सकाळी लवकर जा. आणि एकदा आगरी मसाला घेऊन बघ, घरी करून विकणाऱ्या बायका असतात पावशेर अर्धा किलो देतात. एक चमचा घातला की बटाटा वांगं अंडं कशालाही चव येते, वेगळं वाटण लागत नाही. नवीन माणसाला खूप सोपं पडतं.

लातूरचा_पोरगा
सगळ्यांचे मनापासून आभार. गेले दहा दिवस हा धागा मोबाईलवर उघडा ठेवूनच सगळं केलं.

जेट बदलून घेतलं, दोन कप चहा आता पाच मिनिटांत होतो. रविवारी ठाण्याला गेलो. कुकर ५ लिटर डब्यांसकट २३०० ला बसला, लोखंडी तवा ४२०, बाकी पातेली परात कढई वगैरे मिळून २४०० च्या आसपास. मिक्सर घेतला नाही, खलबत्ता घेतला. काकू तुम्ही म्हणलात तसं आठवड्याचं लिहून काढलं होतं, झारा एकदाही आला नाही म्हणून तो राहू दिला. आगरी मसाला अजून बघायचाय, आईनं येसूर पाठवलंय ते आधी संपवतो.

पहिल्या दिवशी वरणभात लावला तर शिट्टीच होईना, बाजूनं वाफ जात होती. गॅस बंद करून, वाफ गेल्यावर उघडलं तर रिंग एका बाजूनं दुमडलेली. ती ओली करून नीट बसवली आणि परत लावला, चार शिट्ट्या केल्या. डाळ एकदम मऊ झाली. फोडणीला एक मोहरी टाकून वाट बघत बसलो, वर आली, फुटली, मग बाकीची. मित्र ऑफिसमधून आला तर जिन्यातच त्याला वास आला म्हणे. आईला फोटो पाठवला तिनं लगेच फोन केला, दोघांनी जेवताना फोन चालूच ठेवला होता.

दोन प्रश्न आहेत. कुकर आतून तळाला काळा पडलाय, पाणी होतं तरी. आणि भाकरी तीन दिवस तुटतीय, पीठ पिशवीतलंच आहे, दळायला अजून गेलो नाही.

नौपाड्याची_काकू
किती बरं वाटलं वाचून. काळा पडला ते पाण्यामुळेच, ॲल्युमिनियमचा आहे ना, कुकरला काही झालेलं नाही. तळाच्या पाण्यात पिळून झालेली लिंबाची फोड किंवा चिंचेचा कोळ काढल्यावरचा चोथा टाकत जा. आत्ताचा काळेपणा काढायला तेच पाण्यात घालून दहा मिनिटं उकळ आणि घास.

कळव्याची_सोलापूरकर
मी सांगितलं होतं ना पिशवीतलं नको :) ते पीठ धिरड्याला वापरून टाक. आधी दळून आण, मग मळताना अडलं तर इथंच लिही, मी रात्री दहापर्यंत असते.

लातूरचा_पोरगा
ताई ज्वारी आणलीय, निवडायला बसलोय दोघं. सकाळी सातला गिरणीत.